छावणीतला मुलगा अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळायला जातो, तेव्हा नेमके काय घडते?

५ एप्रिल २०२५, शनिवार. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी त्या दिवशी जाहीर केले की दक्षिण सुदानच्या पासपोर्टवर दिलेले सगळे व्हिसा रद्द केले जात आहेत आणि नवेही दिले जाणार नाहीत. कारण वरवर पाहता किरकोळ होते. अमेरिकेने हद्दपार केलेल्या एका माणसाला दक्षिण सुदानने, हा आमचा नागरिक नाही, काँगोचा आहे, असे सांगून परत धाडले होते. त्याच संध्याकाळी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचे उपांत्य सामने होते, आणि ड्यूक विद्यापीठाच्या संघातून खामान मालुआच खेळत होता. सात फूट दोन इंच उंचीचा हा अठरा वर्षांचा मुलगा दक्षिण सुदानच्या रुंबेक गावी जन्मला आणि कुटुंबाने देश सोडल्यामुळे युगांडात वाढला. ड्यूक तो सामना ह्यूस्टनकडून ७०-६७ असा हरले. पण त्या दिवशी ड्यूकच्या मंडळींना सामन्याखेरीज आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे होते. हा मुलगा या देशात राहू शकतो की नाही?

निर्वासित छावणीतला उंच मुलगा, त्याच्यावर पडलेली एखाद्या प्रशिक्षकाची नजर, अमेरिकेतली शिष्यवृत्ती आणि गच्च भरलेले स्टेडियम हे कथानक कादंबरीकारांना मोहात पाडते आणि वाचकांनाही आवडते. कादंबरीतल्या नायकाच्या वाटेत प्रतिस्पर्धी संघाचे धिप्पाड खेळाडू येतात, घरची आठवण येते, स्वतःचा नवखेपणा आड येतो. प्रत्यक्षातल्या मुलाला या सगळ्यापेक्षा कागद जास्त अडवतो. तो एकाच वेळी खेळाडू असतो, विद्यार्थी असतो, घर चालवू पाहणारा कमावता हात असतो आणि निर्वासितही असतो. व्हिसाचा शिक्का मात्र यांपैकी एकच ओळख मान्य करतो, आणि बाकीच्या ओळखी प्रसंगी त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरतात. हे कसे होते ते पायरीपायरीने पाहू.

निर्वासित कोणाला म्हणायचे?

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगटाचा सदस्य असणे यांपैकी एखाद्या कारणाने आपला छळ होईल अशी रास्त भीती असलेला, देशाबाहेर पडलेला आणि म्हणून परत जाऊ न शकणारा माणूस म्हणजे निर्वासित. गरिबी किंवा बेकारी या व्याख्येत बसत नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात तिबेटी लोकांची नॉर्गेलिंग वसाहत आहे, पण ती सरकारच्या स्वतंत्र धोरणावर उभी आहे, या करारावर नव्हे. त्यामुळे ‘निर्वासित दर्जा’ या कायदेशीर गोष्टीशी आपला फारसा परिचय नसतो.

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. अडीच वर्षेही झाली नव्हती तोच, डिसेंबर २०१३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे माजी उपाध्यक्ष रीक माचार यांच्या सैन्यांत यादवी पेटली. २०१८ मध्ये शांतता करार झाला, तरी वीस लाखांहून अधिक लोक अजून शेजारच्या देशांत आहेत. त्याआधीही, सुदान एकसंध असताना, १९८३ ते २००५ अशी सलग यादवी होतीच. केनियाच्या वायव्येकडच्या कोरड्या तुर्काना भागातली काकुमा छावणी १९९२ मध्ये उघडली ती त्या जुन्या युद्धातून पायी निघालेल्या मुलांसाठी, आणि आज तिथे त्या मुलांच्याही पुढची पिढी राहते. युगांडात निर्वासिताला काम करायची आणि फिरायची मुभा असते, बहुतेकदा जमिनीचा लहानसा तुकडाही मिळतो. केनियाने मात्र दीर्घकाळ त्यांना छावणीतच ठेवण्याचे धोरण पाळले. एकाच युद्धातून पळालेल्या दोन मुलांपैकी एकाला शहरातल्या मैदानावर जाता येते आणि दुसऱ्याला छावणीबाहेर पडायला परवाना लागतो, हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

कॉलेजचा खेळ इतका मोठा कसा?

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना पाहायला खेळाडूंच्या मित्रांपलीकडे सहसा कोणी जात नाही, त्यामुळे हा प्रकार मुळातून समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत कॉलेजांमधले खेळ एनसीएए नावाची संघटना चालवते. तिच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या बास्केटबॉलचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत, त्यांपैकी ६८ संघ दर मार्चमध्ये बाद पद्धतीच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात, आणि या स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांचा २०२५ ते २०३२ या आठ वर्षांचा करार ८८० कोटी डॉलरचा आहे. त्यात भर म्हणजे व्यावसायिक लीग, अर्थात एनबीए, त्या वर्षात १९ पूर्ण होणार नसलेल्या किंवा अमेरिकी शाळा संपून वर्ष न झालेल्या मुलाला आपल्या वार्षिक निवडीत (संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या ‘ड्राफ्ट’मध्ये) घेत नाही. ते मधले वर्ष बहुतेक जण कॉलेजात काढतात.

पहिल्या श्रेणीतली पूर्ण क्रीडा शिष्यवृत्ती म्हणजे शिकवणी शुल्क, राहणे, जेवण, पुस्तके आणि वरखर्चाची थोडी रक्कम. दुसऱ्या श्रेणीत ती बहुधा अर्धीमुर्धी असते. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. छावणीतल्या मुलाला ‘अमेरिकेतल्या कॉलेजने बोलावले’ असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न श्रेणीचा असायला हवा. तो क्वचितच विचारला जातो.

जन्मतारखेचा घोळ

मनुट बोल या दक्षिण सुदानमधल्या दिंका जमातीच्या खेळाडूची गोष्ट बास्केटबॉलच्या जगात अजून सांगितली जाते. १९८३ मध्ये एनबीएच्या एका संघाने त्याला निवडले. त्याचा पासपोर्ट आला तेव्हा त्यावर वय १९ आणि उंची पाच फूट दोन इंच होती. एनबीएत पुढे ज्याची नोंद सात फूट सात इंच अशी झाली, त्या माणसाची ही उंची! माप घेतले तेव्हा मी बसलेलो होतो, असा त्याचा खुलासा होता. ती निवड नियमात बसली नाही. क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठात त्याला खेळवण्याचा प्रयत्न झाला, पण त्याचे इंग्रजी पुरेसे नव्हते. पुढे याच विद्यापीठावर, बोल आणि आणखी दोन आफ्रिकी खेळाडूंना नियमबाह्य आर्थिक मदत केल्याबद्दल, एनसीएएने कारवाई केली. शेवटी तो कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट विद्यापीठाकडून, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, एक हंगाम खेळला आणि १९८५ मध्ये एनबीएत दाखल झाला.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट वाटते, पण तिच्या मुळाशी असलेली अडचण आजही तशीच आहे. खेड्यात जन्मलेल्या आणि युद्धात पळालेल्या मुलाकडे जन्माचा दाखला नसतो. नोंदणीच्या टेबलावरचा कर्मचारी अंदाजाने वर्ष लिहितो आणि तारखेच्या रकान्यात १ जानेवारी घालतो. १ जानेवारीला जन्मलेले निर्वासित जगभर हजारोंनी सापडतील. नंतर हेच कागद एनसीएएच्या पात्रता केंद्रापुढे ठेवावे लागतात. ते केंद्र माध्यमिक शाळेतले ठरावीक १६ विषय-अभ्यासक्रम, त्यांत चारपैकी किमान २.३ गुणांक आणि शाळा वेळेत संपल्याचा पुरावा मागत आले आहे. शाळा संपल्यानंतर कॉलेजला जायला साधारण एका वर्षाची सवलत असते, त्यापुढे खेळण्याची वर्षे कापली जातात. दोनदा देश बदललेल्या, मधली काही वर्षे शाळाच न पाहिलेल्या आणि भाषा बदलल्यामुळे खालच्या इयत्तेत बसवलेल्या मुलाला हे वेळापत्रक जुळवणे किती अवघड जात असेल, याची कल्पना करता येईल. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पंचविशीचा गडी अठराच्या पोरांत उतरू नये, इतकेच त्यांना पाहायचे असते. पण नियमात गृहीत धरलेला मुलगा एका गावात जन्मलेला आणि एका शाळेत शिकलेला आहे.

परत जायचे घर दाखवा

समजा, वय आणि शाळेचे जुळले. आता विद्यापीठ आय-२० नावाचा फॉर्म देते, आणि तो घेऊन मुलगा नैरोबी किंवा कंपालातल्या अमेरिकी दूतावासात एफ-१ व्हिसासाठी, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी, मुलाखतीला उभा राहतो. पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांना ही मुलाखत पाठ आहे. अमेरिकी कायदा प्रत्येक अर्जदाराला मुळातच ‘हा तिकडे कायमचा राहायला निघाला आहे’ असे धरतो, आणि तसे नाही हे सिद्ध करणे अर्जदारावर असते. आपली मुले आईवडिलांच्या घराचे, जमिनीचे, बँकेतल्या ठेवींचे कागद घेऊन जातात.

निर्वासित मुलाने काय न्यायचे? ज्याला घरी परतता येत नाही म्हणून जगाने निर्वासित मानले, त्यानेच आपण घरी परतणार आहोत हे अधिकाऱ्याला पटवायचे असते. रेशनकार्डासाठी रहिवासाचा दाखला आणि दाखल्यासाठी रेशनकार्ड, अशी खिडकी क्रमांक तीन आणि सात यांच्यामधली आपल्या कचेरीतली येरझार ज्यांनी केली आहे, त्यांना या कोंडीची जात लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की इथे एक खिडकी संयुक्त राष्ट्रांची आहे आणि दुसरी अमेरिकेची.

पासपोर्टचेही तसेच. करारानुसार निर्वासिताला आश्रय देणारा देश प्रवास-दस्तऐवज देऊ शकतो. तो मिळायला वेळ लागतो आणि सगळीकडे तो सारखा चालत नाही. त्यामुळे अनेक जण आपल्या मूळ देशाचाच पासपोर्ट काढतात, कारण राष्ट्रीय संघातून खेळायचे तर तो लागतोच. पण मूळ देशाचा पासपोर्ट घेणे म्हणजे त्या देशाचे संरक्षण पुन्हा स्वीकारणे, असा अर्थ कोणी काढला तर निर्वासित दर्जाच धोक्यात येऊ शकतो. आणि ५ एप्रिलच्या निर्णयाने हे दाखवून दिले की ज्या सरकारपासून माणूस पळाला, त्याच सरकारच्या चुकीची शिक्षा त्याच्या पासपोर्टामार्फत त्याला होऊ शकते.

मग निर्वासित म्हणूनच अमेरिकेत का जात नाहीत?

हा आक्षेप रास्त आहे, कारण तसा मार्ग आहे. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था काही कुटुंबांची तिसऱ्या देशात पुनर्वसनासाठी शिफारस करते. या मार्गाने अमेरिकेत आलेल्याला पहिल्या दिवसापासून काम करता येते, वर्षभराने तो ग्रीन कार्डसाठी अर्ज करतो आणि पुढे नागरिक होतो. वेन्येन गॅब्रिएल हा खेळाडू याचे चांगले उदाहरण आहे. त्याचा जन्म खार्टूमचा. कुटुंब इजिप्तमार्गे न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर शहरात आले, तो तिथेच वाढला, केंटकी विद्यापीठाकडून खेळला आणि एनबीएत पोहोचला. त्याला दूतावासात घर सिद्ध करावे लागले नाही.

पण जगातल्या निर्वासितांपैकी एका टक्क्याहून कमी लोकांचे एका वर्षात असे पुनर्वसन होते. कोणत्या देशात जायचे हे कुटुंब ठरवत नाही, आणि तपासण्यांत वर्षे जातात. सतरा वर्षांच्या खेळाडूची दोन वर्षे रांगेत गेली तर त्याची संधी गेली. त्यातच २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने हा कार्यक्रमच थांबवला, आणि २०२६ या आर्थिक वर्षासाठी वरची मर्यादा फक्त ७,५०० माणसांची ठेवली.

तिसरा मार्ग विद्यार्थी म्हणून आल्यावर आश्रय मागण्याचा. त्यासाठी सहसा आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्ज प्रलंबित असेपर्यंत देशाबाहेर जायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते, आणि परतीची खात्री नसते. म्हणजे राष्ट्रीय संघासाठी खेळणे अवघड, आणि छावणीतल्या आईला भेटणेही.

पैशाचे काय? आता तर कॉलेज खेळाडूंना पैसे मिळतात ना?

मिळतात, आणि इथेच सगळ्यात विचित्र प्रकार घडतो. वर्षानुवर्षे एनसीएएचा आग्रह होता की कॉलेज खेळाडू हौशी आहे, त्याने शिष्यवृत्तीपलीकडे एक पैसाही घ्यायचा नाही. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात या भूमिकेला तडा दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव, चेहरा आणि ओळख यांच्या व्यापारी वापरासाठी पैसे घेण्याची मुभा मिळाली. याला तिकडे एनआयएल म्हणतात. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या आणखी एका तडजोडीने विद्यापीठांना थेट खेळाडूंशी उत्पन्न वाटून घेण्याची परवानगी दिली, आणि २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा दर विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली.

एफ-१ व्हिसावरच्या मुलाला मात्र कॉलेजच्या आवाराबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि आवारात सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते. अमेरिकेत शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला हा वीस तासांचा नियम माहीत असतो, कारण ग्रंथालयातली किंवा भोजनगृहातली नोकरी त्यातच बसवावी लागते. जाहिरातीत काम करणे, सह्यांच्या कार्यक्रमाला बसणे, बुटांच्या कंपनीसाठी चित्रीकरण करणे हे उघडच काम झाले. काही न करता नुसते नाव वापरू देऊन मिळालेली रक्कम काम मानायची की नाही, यावर वकिलांत एकमत नाही. विद्यापीठाने वाटून दिलेल्या उत्पन्नाबद्दलही तेच. अमेरिकी संसदेत यावर विधेयक मांडले गेले, कायदा झालेला नाही.

केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शीब्वे काँगोचा. तो निर्वासित नव्हता, पण विद्यार्थी व्हिसावर होता. २०२२ मध्ये तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला आणि तरी अमेरिकेत त्याला संघातल्या राखीव मुलांसारखी कमाई करता येत नव्हती. त्या ऑगस्टमध्ये संघ काही सामन्यांसाठी बहामास बेटांवर गेला, तेव्हा त्याने आपली जाहिरातींची कामे तिथे उरकून घेतली, कारण अमेरिकेच्या भूमीबाहेर केलेल्या कामाला व्हिसाची मर्यादा लागत नाही असा त्यामागचा हिशेब होता. बहामासची सहल परवडणाऱ्या बड्या विद्यापीठाला ही युक्ती सुचली आणि साधली. लहान विद्यापीठातल्या मुलाला कोण बहामासला नेणार?

आणखी एक गंमत, जिच्यावर हसावे की रडावे कळत नाही. एनसीएएच्या नियमानुसार हंगामात सरावासह खेळासाठी आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास घेता येतात, आणि सामना कितीही लांबला तरी हिशेबात त्या दिवसाचे तीनच तास धरतात. परदेशी विद्यार्थ्याला आवारात काम करायची मर्यादाही वीसच तास. खेळाला शिक्षणाचा भाग म्हटले तर मुलगा नियमात राहतो आणि त्याला वाटा मागता येत नाही. खेळाला नोकरी म्हटले तर वाटा मागता येतो, पण त्याचे वीस तास सरावातच संपतात.

शिष्यवृत्ती हा मोबदला नाही का?

आहे, आणि तो लहान नाही. ड्यूकसारख्या खासगी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे आहे. छावणीतल्या शाळेतून आलेल्या मुलाला ही पदवी मिळणे म्हणजे त्याच्या पुढच्या पिढ्यांचे भले होणे, हे मान्यच करायला हवे, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सर्वांत खरा फायदा पदवीच आहे. पण शुल्कमाफी घरी पाठवता येत नाही. २०२५ मध्ये निधी आटल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाने काकुमातले रेशन कापले. अशा वेळी टीव्हीवर दिसणाऱ्या मुलाकडून नातेवाइकांच्या अपेक्षा वाढल्या तर त्यांना दोष देता येणार नाही, आणि ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ हे त्याचे बोलणे त्यांना पटले नाही तरी आश्चर्य नाही. ज्या मुलाचे जेवण, बूट आणि विमानप्रवास सगळे फुकट आहे, त्याचा खिसा रिकामा कसा?

शिवाय व्हिसा शिक्षणाला बांधलेला आहे. जिथे शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने मंजूर व्हावी लागते, तिथे एका वर्षाची दुखापतही जड जाते. पहिल्या श्रेणीतल्या बड्या गटांमधल्या (‘कॉन्फरन्स’मधल्या) विद्यापीठांनी खराब खेळाच्या कारणावरून ती काढून घेऊ नये असा नियम २०१५ मध्ये आला, पण लहान ठिकाणी तो आपोआप लागू होत नाही. शिष्यवृत्ती गेली की शुल्क भरता येत नाही, आणि शुल्क न भरल्यामुळे प्रवेश गेला तर व्हिसाही जातो. अमेरिकी मुलाचे शिक्षण थांबले तर तो आईवडिलांकडे जातो. याने कुठे जायचे?

हे शोषण आहे की संधी?

दोन्ही, आणि कोणते किती हे मधल्या माणसावर ठरते. सेनेगलमधल्या सली येथे एनबीएची आफ्रिकेतली अकादमी आहे. तिथे शाळा आणि सराव दोन्ही चालतात, आणि मालुआच तिथूनच ड्यूकला गेला. अशा जागी निवडलेल्या मुलांची संख्या मोजकी असते. उरलेल्यांना दलाल भेटतात. ते व्हिडिओ मागवतात, एखाद्या अमेरिकी शाळेचा आय-२० मिळवून देतात, आणि मुलगा पोहोचल्यावर कळते की शाळा नावापुरती आहे. नॉर्थ कॅरोलायनामधल्या शार्लट शहरात एका छोट्या खासगी शाळेच्या मुख्याध्यापिकेने, खेळासाठी आणलेल्या परदेशी मुलांच्या बाबतीत अशाच कागदी फसवणुकीचा गुन्हा २०१८ मध्ये कबूल केला. ती मुले तिच्या शाळेत शिकतच नव्हती.

यशाचे प्रमाण डोळ्यांसमोर असावे. एनसीएएच्याच आकडेवारीनुसार कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या पुरुषांपैकी शंभरात साधारण एकाची एनबीएसाठी निवड होते, आणि ही निवड वर्षाला साठ जणांच्या आसपास असते. कादंबरी त्या एकाची असते, कारण नव्व्याण्णव जणांच्या गोष्टीला शेवटचा सामना नसतो.

त्यांची उंचीच तशी, त्यात विशेष काय?

दिंका आणि नुएर हे जगातल्या सर्वांत उंच लोकसमूहांत मोजले जातात, हे खरे. पण उंची दहा हजार मुलांकडे असते आणि हॉल एकाकडेही नसतो. राष्ट्रीय संघ ऑलिंपिकला पोहोचला तेव्हाही दक्षिण सुदानमध्ये धड एक बंदिस्त बास्केटबॉल कोर्ट नव्हते. हा संघ उभा केला लुओल डेंग यांनी. त्यांचा जन्म १९८५ मध्ये वाऊ येथे झाला. वडील सुदान सरकारात मंत्री होते, कुटुंब युद्धामुळे इजिप्तला गेले, आणि तिथे मनुट बोल यांनीच डेंग भावांना खेळ शिकवला. मग ब्रिटनने आश्रय दिला, लंडन झाले, चौदाव्या वर्षी न्यू जर्सीतली शाळा, एक वर्ष ड्यूक, आणि २००४ मध्ये एनबीएच्या निवडीत सातवा क्रमांक. निवृत्तीनंतर २०१९ मध्ये ते दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले आणि संघाचा बराच खर्च त्यांनी स्वतः केला.

जुलै २०२४ मध्ये लंडनला झालेल्या सराव सामन्यात या संघाने अमेरिकेविरुद्ध एका टप्प्यावर सोळा गुणांची आघाडी घेतली होती. शेवटच्या आठ सेकंदांत लेब्रॉन जेम्सने चेंडू जाळीत घातला म्हणून अमेरिका १०१-१०० अशी वाचली. आठवड्याभराने ऑलिंपिकमध्ये प्वेर्तो रिकोविरुद्ध हा संघ उभा राहिला, तर आयोजकांनी चुकून सुदानचे राष्ट्रगीत वाजवले. ज्या देशापासून वेगळे होण्यासाठी या मुलांच्या आईवडिलांची हयात गेली, त्याच देशाचे! चूक दुरुस्त झाली, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि संघाने सामना ९०-७९ असा जिंकला. त्या संघातले बहुतेक जण दक्षिण सुदानमध्ये वाढलेले नव्हते.

मालुआचचे पुढे काय झाले?

दक्षिण सुदानने काही दिवसांत तो वादग्रस्त माणूस स्वीकारला. जून २०२५ मध्ये एनबीएच्या निवडीत मालुआच दहाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि फिनिक्सच्या संघात गेला. व्यावसायिक खेळाडूंसाठी अमेरिकेत वेगळा व्हिसा असतो आणि त्यावर कमावता येते, त्यामुळे विद्यार्थ्याच्या कमाईचा प्रश्न त्याच्यापुरता मिटला. त्याच्याच वयाची, त्याच देशाची, पण लहान विद्यापीठांत खेळणारी जी मुले आहेत, त्यांचा मिटलेला नाही.

हे नियम आपल्या मुलांना लागू आहेत का?

एफ-१ वरच्या कामाचे नियम सहसा देश पाहून बदलत नाहीत. नागपूर किंवा पुण्याहून टेनिस, जलतरण वा बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या मुलामुलींना वीस तासांची मर्यादा तीच, आणि एनआयएलच्या कमाईचे प्रश्नही तेच. समाजमाध्यमावर एखाद्या ब्रँडची जाहिरात करून पैसे घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याशी लेखी बोलून घ्यावे, प्रशिक्षकाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये, कारण व्हिसाचा भंग झाला तर निस्तरावे लागते ते विद्यार्थ्याला. जाहिरातीचे काम सुट्टीत भारतात येऊन केले, तर अमेरिकेच्या भूमीवर काम केल्याचा प्रश्न सहसा येत नाही. काकुमातून गेलेल्या मुलाकडे हा पर्याय नसतो, कारण सुट्टीत तो परत कुठे जाणार हे त्याच्या कागदांवरून कुणालाच सांगता येत नाही.